एका तिजोरीचे दोन राखणदार

संगणक दुरुस्त करणाऱ्या माणसाला लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, 'किती होतील?' आणि दुसरा, 'कुणी बिघडवला?' पहिल्याचं उत्तर देताना आम्ही जरा डोकं खाजवतो. दुसऱ्याचं उत्तर मात्र झटकन देतो, आणि ते पुष्कळदा चुकतं. माझं असंच एक उत्तर २००८ साली चुकलं, आणि त्याची किंमत दुसऱ्याच कुणाला तरी मोजावी लागली. त्याबद्दल आज बोलायचं आहे.

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी १९९९ पासून माझं दुकान आहे. दुकान म्हणजे दहा बाय बाराचा गाळा, एक टेबल, एक सोल्डरिंग गन आणि उघडे पडलेले चार सीपीयू. गावातल्या एका पतसंस्थेची तीन मशीन्स माझ्याकडे देखभालीला होती. त्यातलं काउंटरवरचं मशीन २००८ च्या जानेवारीत अचानक त्रास द्यायला लागलं. चालता चालता पडदा काळा व्हायचा आणि मशीन आपोआप पुन्हा सुरू व्हायचं. ना काही आवाज, ना काही सूचना. एखादा माणूस बोलता बोलता डुलकी घेऊन पुन्हा 'काय म्हणत होतो मी?' असं विचारतो ना, तसं.

घरातल्या मशीनवर असं झालं तर आपण चडफडतो आणि विसरून जातो. पतसंस्थेत तसं चालत नाही. तिथलं हिशेबाचं सॉफ्टवेअर फॉक्सप्रोमध्ये लिहिलेलं होतं. त्यात मधेच मशीन बंद पडलं की अनुक्रमणिकेची फाइल, म्हणजे इंडेक्स, बिघडायची. मग ती पुन्हा बांधायची, आणि त्यात शेवटच्या दोन-चार नोंदी गायब झालेल्या असायच्या. एका संध्याकाळी अशीच एका खातेदाराला दिलेल्या चार हजार रुपयांची नोंद गेली. संगणक म्हणत होता, गल्ल्यात अमुक रक्कम हवी. गल्ल्यात चार हजार कमी. पतसंस्थांचा रिवाज तुम्हाला ठाऊक असेल: रोकड कमी पडली की काउंटरवरच्या माणसाने भरायची.

काउंटरवर एक ताई होत्या. कंत्राटी नोकरी, पगार अडीच हजार. त्यांनी ते चार हजार भरले. कुठून आणले ते मी विचारलं नाही. तीन दिवसांनी पैसे काढल्याची ती स्लिप, खातेदाराच्या सहीसकट, दुसऱ्या दिवसाच्या गठ्ठ्यात सापडली आणि पैसे परत मिळाले. पण तीन दिवस गावात जे बोललं जायचं ते बोलून झालं होतं. गाव लहान असलं की रोकड कमी पडल्याची बातमी लवकर फिरते, स्लिप सापडल्याची फिरत नाही.

आता माझी बाजू. मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं. मी आमच्या धंद्यातले सगळे ठरलेले उपाय केले. सीपीयू उघडून ब्लोअर मारला. रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने घासल्या. हसू नका, हा उपाय खरोखर चालतो, पट्ट्यांवर मळ साचलेला असेल तर. एसएमपीएस बदलून पाहिला. त्या वर्षी लोडशेडिंगने कहर केला होता, म्हणून अर्थिंग आणि यूपीएस दोन्ही तपासले. सगळं ठीक. मशीन तरीही बंद पडतच होतं.

मग मी विचारलं, 'साधारण कधी बंद पडतं?' मॅनेजर म्हणाले, 'संध्याकाळी. बाई पेनड्राइव्ह लावतात तेव्हा.' दिवसाचं काम संपलं की सगळ्या हिशेबाची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्यायची, ही संस्थेची पद्धत होती. ते काम ताईंचं. झालं! माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या काळात पेनड्राइव्हमधून व्हायरस पसरण्याची साथच होती. मी तिथल्या तिथे निकाल दिला: 'यांच्या पेनड्राइव्हमध्ये व्हायरस आहे. बाहेर कुठेतरी लावत असणार.'

ताई म्हणाल्या, 'दादा, मी तो कुठेच नेत नाही. कपाटात असतो.' मी पेनड्राइव्ह दुकानात नेऊन तपासला. काहीही सापडलं नाही. एवढ्यावर मी शहाणा व्हायला हरकत नव्हती. पण मी म्हणालो, 'कधीकधी व्हायरस लपून बसतो.' आमच्या धंद्यात हे वाक्य फार उपयोगी पडतं, कारण ते कुणालाच खोडून काढता येत नाही.

फेब्रुवारीत मशीनला फॉरमॅट मारला. साडेतीनशे रुपये. चार दिवसांनी पुन्हा तेच. मार्चच्या सुरुवातीला पुन्हा फॉरमॅट, पुन्हा साडेतीनशे. दोन दिवस बरे गेले आणि तिसऱ्या दिवशी मशीन पुन्हा बंद. हे सातशे रुपये मॅनेजरांनी ताईंच्या पगारातून कापून घेतले. मला ते नंतर कळलं, पण खोटं कशाला सांगू, कळलं तेव्हाही मी काही बोललो नाही. वर त्यांना असंही सांगण्यात आलं की मार्चअखेर नीट पार पडली नाही तर एप्रिलपासून येऊ नका.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मी पुन्हा तिथे गेलो तेव्हा ताईंनी ड्रॉवरमधून एक चाळीस पानी वही काढून माझ्यापुढे ठेवली. मशीन ज्या ज्या वेळी बंद पडलं त्याची तारीख, वेळ, आणि त्या क्षणी काय काम चाललं होतं ते, असं तीन रकान्यांत लिहिलं होतं. पहिल्या चार नोंदी त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर केलेल्या फुल्यांवरून उतरवून घेतल्या होत्या. एकूण सतरा नोंदी. तेरा वेळा पेनड्राइव्ह. एकदा खुद्द मॅनेजरांनी आपल्या कॅमेऱ्याचं कार्ड लावलं होतं तेव्हा. आणि उरलेल्या तीन वेळा दुपारी दीड ते पावणेदोनच्या दरम्यान. त्या तिन्ही नोंदींपुढे लिहिलं होतं, 'मशीनसमोर कोणी नाही. मी डबा खात होते.'

त्या म्हणाल्या, 'दादा, तुम्ही व्हायरस म्हणता. पण मी डबा खात असताना पेनड्राइव्ह कुणी लावला?'

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तारखा पाहिल्या. २५ जानेवारी, १५ फेब्रुवारी, १४ मार्च. तिन्ही शुक्रवार. शुक्रवारी दुपारी दीडला या मशीनवर काय होतं? संस्थेने पैसे भरून घेतलेला जो अँटीव्हायरस होता, त्याची आठवड्याची संपूर्ण तपासणी शुक्रवारी दीडला लागत असे. जेवणाच्या सुट्टीत व्हावी म्हणून ती वेळ मीच लावून दिली होती.

आणि पहिली फुली? ११ जानेवारी. त्याआधी वर्षभर मशीन एकदाही असं बंद पडलं नव्हतं. मी माझं पावतीपुस्तक चाळलं. ९ जानेवारीला मी त्या मशीनची सर्व्हिसिंग केली होती, आणि पावतीवर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'जादा अँटीव्हायरस टाकून दिला, मोफत.'

इथे थोडं थांबून, मशीनच्या आत काय चालतं ते सांगायला हवं. पतसंस्थेचंच उदाहरण घेऊ. काउंटरच्या बाहेर ग्राहक उभे असतात. त्यांनी बाहेरच्या बाहेर काहीही गोंधळ घातला तरी तिजोरीला धक्का लागत नाही. एखाद्याला भोवळ आली तर त्याला बाकावर बसवतात, पाणी देतात, काम चालू राहतं. संगणकातले आपले रोजचे प्रोग्रॅम, म्हणजे पत्र लिहिण्याचा, गाणी ऐकण्याचा, हे सगळे बाहेरचे ग्राहक. त्यातला एखादा कोलमडला तर तेवढाच बंद होतो.

पण काही मंडळींना तिजोरीच्या खोलीत जावंच लागतं. प्रिंटर, पडद्याचं ग्राफिक्स कार्ड, नेटवर्कचं कार्ड, पेनड्राइव्ह यांच्याशी विंडोजचं बोलणं करून देणारे जे छोटे प्रोग्रॅम असतात, त्यांना ड्रायव्हर म्हणतात. त्यातले बरेचसे आत काम करतात. या आतल्या खोलीला कर्नल असं नाव आहे. तिथे कुणावर पहारा नसतो. आत असलेल्या माणसाने चुकून दुसऱ्याच्या खतावणीत हात घातला तर त्याला बाकावर बसवून काम चालू ठेवता येत नाही, कारण आणखी कुठली पानं खराब झाली हे कळायला मार्ग नसतो. अशा वेळी विंडोज शटर खाली ओढतं. सगळं जागच्या जागी थांबवतं आणि निळ्या पडद्यावर चार ओळी लिहून दाखवतं. आपण त्याला शिव्या देतो. पण हिशेबाचा आणखी विचका होऊ नये म्हणून केलेली ती बंदी असते.

वॉशिंग्टन विद्यापीठाच्या मायकेल स्विफ्ट, ब्रायन बर्शाड आणि हेन्री लेव्ही या संशोधकांनी २००३ साली लिहिलेल्या एका शोधनिबंधात असं नोंदवलं होतं की विंडोज एक्सपी कोसळल्याच्या ज्या तक्रारी त्या सुमारास आल्या होत्या, त्यातल्या ८५ टक्के ड्रायव्हरमुळे होत्या. म्हणजे ना विंडोजमुळे, ना वापरणाऱ्यामुळे, ना व्हायरसमुळे. विंडोज एका कंपनीचं. पण आतल्या खोलीत ये-जा करणारे हे ड्रायव्हर शेकडो कंपन्यांचे, आणि प्रत्येकाची शिस्त वेगळी.

आता अँटीव्हायरस. मशीनमध्ये उघडली जाणारी प्रत्येक फाइल तपासायची तर त्याला बाहेर उभं राहून चालत नाही. म्हणून तोही आपला एक ड्रायव्हर आतल्या खोलीच्या दारात बसवतो. दारातला राखणदार म्हणा. कुणीही फाइल उघडायला निघाला की हा म्हणतो, 'थांब, आधी मी पाहतो.' आणि मी काय केलं होतं? त्याच दारात दुसरा राखणदार बसवला होता, फुकटात मिळाला म्हणून. पहिला फाइल तपासायला उघडतो तेव्हा दुसऱ्याला दिसतं, कुणीतरी फाइल उघडतंय. तो म्हणतो, 'थांब, आधी मी पाहतो.' पहिल्याला दिसतं, कुणीतरी आपल्या हातातली फाइल ओढतंय. रोजच्या कामात ही ओढाताण निभावून जायची. पण पेनड्राइव्ह लागला की दोघेही एकदम त्याच्यावर झडप घालायचे. शुक्रवारी संपूर्ण तपासणीत एक जण हजारो फाइली भराभर उघडायचा आणि दुसरा त्याच्या मागे पळायचा. दर वेळी अपघात होत नव्हता, म्हणून तो सापडतही नव्हता. आणि प्रत्येक फॉरमॅटनंतर मी इमानेइतबारे दोन्ही राखणदार पुन्हा बसवून येत होतो.

हा झाला तर्क. तर्काला पुरावा हवा. तो मिळवण्याचा रस्ता खरं तर पहिल्याच दिवशी माझ्यासमोर होता. एक्सपीची मूळची मांडणीच अशी होती की कोसळल्यावर मशीन आपोआप पुन्हा सुरू व्हावं. त्यामुळे निळा पडदा क्षणभर चमकून जायचा, किंवा दिसायचाच नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये सिस्टीम, तिथे अॅडव्हान्स्ड, तिथे स्टार्टअप अँड रिकव्हरी. त्यात 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट' अशी एक खूण असते. ती काढून टाकली. मग ताईंना म्हटलं, 'लावा पेनड्राइव्ह.' पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा नाही. पाचव्या वेळी पडदा निळा झाला आणि निळाच राहिला.

त्यावर शेवटी 'डी १' येणारा एक आकडा होता. त्याचा अर्थ साध्या भाषेत असा: एका ड्रायव्हरने ज्या क्षणी ज्या मेमरीत हात घालायचा नव्हता, त्या क्षणी तिथे हात घातला. आणि त्याखाली 'डॉट सिस' असं शेपूट असलेलं एका फाइलचं नाव. मी टाकलेल्या फुकट अँटीव्हायरसचं ते नाव होतं. ताईंनी ते अक्षर अन् अक्षर वहीत उतरवून घेतलं. अठरावी नोंद.

एक सांगायला हवं. निळ्या पडद्यावर ज्याचं नाव येतं तोच दर वेळी गुन्हेगार असतो असं नाही. खोलीत पाय घसरून जो पडला त्याचं नाव येतं. फरशीवर तेल कुणी सांडलं ते येत नाही. म्हणून नाव मिळाल्यावर परीक्षा घ्यावी लागते. मी मशीन सेफ मोडमध्ये सुरू केलं. सेफ मोड म्हणजे विंडोज फक्त अगदी गरजेचे ड्रायव्हर घेऊन उठतं, बाकी सगळ्यांना बाहेर ठेवतं. त्यात वीस वेळा पेनड्राइव्ह लावला-काढला, मशीन ढिम्म हललं नाही. मग फुकट अँटीव्हायरस काढून टाकला. इथेही एक गंमत आहे. 'अॅड-रिमूव्ह प्रोग्रॅम्स'मधून काढल्यावर तो यादीतून गेला, पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवायला सांगितल्यावर त्याचा ड्रायव्हर आतल्या खोलीत निवांत बसलेला दिसला. राखणदाराला कामावरून काढलं, पण किल्ली त्याच्याकडेच राहिली. अशा वेळी त्याच कंपनीने खास समूळ काढण्यासाठी केलेलं साधन वापरावं लागतं. ते वापरलं, तेव्हा तो खरा गेला.

त्या दिवशी तारीख होती २६ मार्च. ३१ मार्च पार पडला. पंधरा दिवस वहीचं पुढचं पान कोरं राहिलं.

माझ्यासारख्या तालुक्याच्या गावच्या माणसाकडून असं होतं, मोठ्या जगात सगळं चोख असतं, असं वाटत असेल तर तसंही नाही. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी या नामवंत कंपनीच्या अँटीव्हायरसला रोजच्यासारखी नवी यादी मिळाली, आणि त्या यादीमुळे त्याने विंडोज एक्सपीचीच एक अत्यावश्यक फाइल व्हायरस म्हणून पकडून बाजूला टाकली. ठिकठिकाणच्या कार्यालयांतली मशीन्स सुरू होत आणि पुन्हा बंद पडत राहिली.

त्याहून मोठं प्रकरण १९ जुलै २०२४ चं. ते बहुतेकांना आठवत असेल. आपल्या घड्याळात सकाळचे नऊ वाजून ३९ मिनिटं झाली होती. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने जगभरच्या आपल्या ग्राहकांना एक छोटी फाइल पाठवली. चूक लक्षात येऊन ती मागे घेईपर्यंत ७८ मिनिटं गेली. तेवढ्यात मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख मशीन्स कोसळली. विमानं खोळंबली, रुग्णालयांतली कामं अडली, आपल्याकडेही विमानतळावर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. मला त्या दिवशी राहून राहून तो काउंटर आठवत होता.

यातलं कारण ऐकण्यासारखं आहे. व्हिस्टाच्या ६४-बिट आवृत्तीपासून विंडोजने नियम केला की अधिकृत सही असल्याशिवाय कुठलाही ड्रायव्हर आतल्या खोलीत येणार नाही. क्राउडस्ट्राइकचा ड्रायव्हर रीतसर तपासलेला, सही असलेला होता. म्हणजे राखणदार पारखून घेतलेला होता. पण त्याला रोज काय शोधायचं याची चिठ्ठी वेगळी येत असे, आणि त्या चिठ्ठ्या तपासणाऱ्या यंत्रणेतच चूक होती. त्या दिवशीच्या चिठ्ठीत एकविसावा रकाना पाहायला सांगितलं होतं. प्रत्यक्षात त्याच्या हाती वीसच रकाने दिलेले. तो एकविसावा शोधायला पुढे गेला आणि भलत्याच मेमरीवर त्याचा हात पडला. बाकी तुम्ही पाहिलंच. उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल पुसायची. ८५ लाखांतल्या पुष्कळ मशीन्सपुढे खरोखरच कुणीतरी माणूस जाऊन बसला. आणि ज्या मशीन्सची डिस्क बिटलॉकरच्या कुलपात होती, तिथे आधी कुलपाचा ४८ आकडी क्रमांक शोधायची धावपळ. तुमच्या लॅपटॉपला तसं कुलूप असेल तर तो क्रमांक आजच कागदावर उतरवून ठेवा. लॅपटॉपमध्येच ठेवू नका; हसण्यासारखं वाटेल, पण तसं करणारे मी पाहिलेत.

तेव्हा तुमचं मशीन वारंवार बंद पडत असेल तर फॉरमॅटच्या आधी एक वही घ्या. तारीख, वेळ, काय चाललं होतं. आठवड्याभरात काहीतरी आकार दिसायला लागतो. शिवाय मशीनही स्वतःची वही ठेवतं. विंडोज १० आणि ११ मध्ये स्टार्टच्या शोधात 'रिलायबिलिटी' असं टाइप केलंत तर 'रिलायबिलिटी हिस्टरी' उघडते. दिवसवार तक्ता असतो. ज्या दिवशी काही कोसळलं तिथे लाल फुली, आणि त्याच दिवसाच्या रकान्यात कुठला प्रोग्रॅम नव्याने आला, कुठला ड्रायव्हर बदलला, तेही. पहिल्या फुलीच्या एक-दोन दिवस आधी काय बदललं ते पाहायचं. दहातल्या सहा-सात वेळा मला तिथेच उत्तर मिळतं; हा माझ्या दुकानापुरता अंदाज आहे, शास्त्र नव्हे.

बदललेला एखादा ड्रायव्हर सापडला तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणावर 'रोल बॅक ड्रायव्हर' असं बटण असतं, त्याने जुना परत येतो. मशीन नीट सुरूच होत नसेल तर सेफ मोड. पूर्वी एफ-८ दाबत असू. आता शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट निवडायचं आणि पुढचे पर्याय पाहत जायचं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद दिसली की काही दुकानदार लगेच एसएमपीएस बदलायला सांगतात. ती नोंद फक्त एवढंच म्हणते की मशीन नीट बंद न करता बंद झालं. ते तर तुम्हालाही ठाऊक असतं.

निळ्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढा. आता तो निळाही राहिला नाही. २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ मध्ये तो काळा केला. पण आकडा आणि बिघाडाचं नाव अजून असतं. दर वेळी एकच नाव येत असेल तर साधारणपणे संशय ड्रायव्हरवर घ्यावा. दर वेळी निराळंच काहीतरी येत असेल तर रॅम तपासून घ्या. तिथे मात्र माझं खोडरबर अजूनही कामाला येतं.

राखणदार एकच ठेवा. विंडोजमध्ये आता स्वतःचा अँटीव्हायरस असतो, आणि घरच्या मशीनवर तुम्ही दुसरा टाकलात तर तो आपण होऊन बाजूला होतो, म्हणून त्या दोघांची काळजी नको. काळजी बाहेरून आणलेल्या दोघांची. 'तुमचे सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये नवे करतो' असं सांगणारे प्रोग्रॅमही मी कुणाच्या मशीनवर ठेवत नाही. चालत्या प्रिंटरचा ड्रायव्हर उगाच बदलायचा कशाला?

आता राहिलेली गोष्ट. मशीन बरं झाल्यावर मॅनेजरांनी विचारलं, 'काय होतं?' आणि मी म्हणालो, 'विंडोजचा प्रॉब्लेम होता, निघाला.' तसा मी घाबरट माणूस नाही. पण तीन महिने ज्याला व्हायरस म्हणत होतो तो आपणच टाकलेला होता, हे गिऱ्हाइकासमोर म्हणायला जीभ वळेना. आणखी दोन ठिकाणची देखभाल त्यांच्याच शिफारशीने मिळालेली होती. ताई शेजारी उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत. त्यांच्या वहीत मात्र अठरावी नोंद होती, फाइलच्या नावासकट, आणि ते नाव कुणाच्या हाताने मशीनमध्ये गेलं हे माझ्या पावतीपुस्तकात होतं.

दोन दिवस मी दुकानात बसून काढले. तिसऱ्या दिवशी वही आणि पावतीपुस्तक दोन्ही मॅनेजरांच्या टेबलावर ठेवून काय झालं ते सांगितलं. चेअरमनही तिथेच होते. ते मोठ्याने हसले. मॅनेजर हसले नाहीत. त्यांनी घंटी वाजवून ताईंना आत बोलावलं आणि एप्रिलपासून पुढे या, एवढंच म्हणाले. ते सातशे रुपयांबद्दल काही बोलतील असं मला वाटलं होतं. ते बोलले नाहीत.

मग मी माझ्या खिशातून सातशे काढून ताईंसमोर धरले. त्यांनी मोजून घेतले, आणि म्हणाल्या, 'दादा, पावती?'

मला हसू आलं. पैसे परत केल्याची पावती मी आजवर कुणाला दिली नव्हती. मी पुस्तक उघडलं आणि विचारलं, 'कशाबद्दल म्हणून लिहू?'

'जे झालं ते लिहा,' त्या म्हणाल्या.

मी लिहिलं: 'दोन वेळच्या फॉरमॅटिंगचे रुपये सातशे परत. बिघाड अँटीव्हायरसचा होता. मशीन चालवणाऱ्यांचा दोष नव्हता.' खाली सही केली, तारीख घातली. त्यांनी ती पावती वाचली, घडी घातली आणि वहीत ठेवली.